बोरसेबाई आणि गालातल्या पेशी

सुरतेत भेस्तानकडच्या एका मराठी हायस्कुलात नववीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या जयश्री बोरसे यांना मुलांचा एकाच गोष्टीसाठी राग यायचा. पोरं बघत नाहीत, आठवतात. गणिताच्या सरांना पाढ्यांवरून राग येतो, मराठीच्या बाईंना ऱ्हस्व-दीर्घावरून. बोरसेबाईंचं हे दुखणं निराळं होतं, आणि दरवर्षी पेशीचा धडा आला की ते हमखास उपटायचं.

त्या दिवशी बाई घरून कांदा न्यायच्या. कांद्याच्या आतल्या पाकळीवरचा पापुद्रा चिमट्याने ओढायचा, पाण्यात सोडायचा, काचपट्टीवर सुरकुती न पडू देता पसरायचा, आयोडिनचा थेंब टाकायचा आणि वर पातळ काच अलगद ठेवायची. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. त्याला दिवा नव्हता, खाली आरसा होता. म्हणून तो खिडकीत मांडायचा आणि बाहेरचा उजेड आरशावर धरून आत घ्यायचा. मुलं रांगेने यायची, एक डोळा मिटता मिटता दोन्ही मिटायची, "दिसलं बाई" म्हणून बाकावर जायची आणि चित्र काढायची. चित्रात सगळ्या पेशी एका मापाच्या, आणि प्रत्येकीच्या बरोबर मधोमध गोल केंद्रक, कुंकू लावल्यासारखं.

"हे तुला कुठे दिसलं?" बाई विचारायच्या.

"आत, बाई."

"आत केंद्रक मध्यभागी नाहीच. ते कडेला भिंतीशी चिकटून बसलंय. कांद्याच्या पेशीत मधली सगळी जागा रिक्तिकेने अडवलेली असते. ती पाण्याने भरलेली मोठी पिशवी, तिने केंद्रकाला बाजूला रेटलंय. तू आत पाहिलं नाहीस, पुस्तकातलं चित्र आठवलंस. जा, परत बघ."

यंदा एका मुलीने पानभर एक मोठं वर्तुळ काढलं, जाड काळ्या कडेचं, आत काहीच नाही. वर्ग हसला. तो हवेचा बुडबुडा होता, काच ठेवताना अडकलेला. बाईंनी तिला सगळ्यात जास्त गुण दिले आणि वर्गाला सांगितलं, की ही पेशी नाही, पण हिने जे दिसलं तेच काढलं, आणि तुमच्यापैकी कोणालाही एवढं जमलेलं नाही. अशी त्यांची तऱ्हा होती. पालकसभेत कोणी तक्रार केली तर त्या पालकांनाही खिडकीत उभं करून कांदा दाखवायच्या. जवळच्या सचिन गावातल्या डाईंग मिलमधून पाळी संपवून थेट शाळेत आलेले बाप, बोटांवर निळा-जांभळा रंग तसाच, डोळा लावून खाली वाकायचे आणि तक्रार विसरून जायचे.

कांद्यानंतर गालाच्या पेशी. एखाद्या मुलाने चूळ भरून यायचं, दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, ते काचपट्टीवर पसरायचं, वर मिथिलीन ब्ल्यूचा थेंब. मग बाई समजावायच्या, की बघा, कांद्याला भिंत होती, इथे भिंत नाही, नुसतं पातळ पटल आहे. त्यामुळे कडा वेड्यावाकड्या, कुठे कुठे दुमडलेल्या. पटलाच्या आत पेशीद्रव्य. त्यात जेवणापासून ताकद काढणाऱ्या तंतुकणिका आहेत, पण त्या आपल्या या गरीब यंत्रातून दिसायच्या नाहीत. दिसत नाहीत म्हणून चित्रात काढायच्या नाहीत, वेगळ्या ओळीत लिहायच्या. आणि हा गडद निळा ठिपका म्हणजे केंद्रक. पेशीने काय व्हायचं, कधी दोनाच्या चार व्हायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

"बाई, तुमच्या गालाची दाखवा ना," यंदा मागून कोणीतरी म्हणालं.

"शिक्षकांच्या पेशी परीक्षेला येत नाहीत," बाई म्हणाल्या. वर्ग हसला, आणि बाईंनी पटकन फळ्याकडे तोंड वळवलं.

खरं कारण घरी होतं, मोरीच्या वरच्या फळीवर, पावडरच्या जुन्या डबीत. शाळेतल्या बोरसेबाई घरी आल्या की त्यांची नुसती जयश्री व्हायची, आणि ही जयश्री रोज सकाळी, जेवणानंतर आणि जमलं तर दुपारीही मिश्री लावायची. तव्यावर काळीकुट्ट होईतो भाजलेली, मग कुटून चाळलेली तंबाखू, बोटाच्या टोकावर घेऊन हिरड्यांवर चोळायची. पारोळ्याकडच्या तिच्या माहेरी आई लावायची, काकू लावायची, आणि दाढ दुखली म्हणून कळत्या न कळत्या वयात तिच्याही हिरडीला कोणीतरी बोट लावलं. दाढ थांबली, मिश्री थांबली नाही. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, तरी डबी बरोबर राहिली.

लग्न होऊन ती सुरतेत आली तेव्हा सासरी सगळंच अनोळखी होतं. सासरे लूमच्या खात्यात, म्हणजे इकडे कारखान्याला खातं म्हणतात, तिथे कापड विणायचे. नवरा योगराज कडोदऱ्याला हिशेबनीस. शिकलेल्या सुनेशी काय बोलावं हे सासूला, पुष्पाबाईंना, कळत नव्हतं, आणि सासूशी काय बोलावं हे सुनेला. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी पुष्पाबाई मोरीजवळ बसून मिश्री लावत होत्या. सून दारात घुटमळली. पुष्पाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, काय समजायचं ते समजल्या, आणि डबी पुढे केली. दोघींचं सूत तिथे जमलं. पुढे सासरे गेले, घर बदललं, पण सकाळी तोंडात मिश्री धरून दोघी मागच्या पायरीवर बसायच्या. बोलणं फार नाही, कारण तोंड भरलेलं. तंबाखू भाजायच्या पुष्पाबाई, आणि भाजताना ठसका लागू नये म्हणून सुनेला गच्चीवर पाठवायच्या. मास्तरीण सून मिश्री लावते हे त्यांनी शेजारीपाजारीच काय, स्वतःच्या लेकीलाही सांगितलं नाही. योगराजला माहीत असावं, पण त्याने कधी विषय काढला नाही.

तुम्ही म्हणाल, विज्ञान शिकवणारी बाई आणि हे काय. पण जयश्रीच्या मनात मिश्री म्हणजे तंबाखू नव्हतीच. खानदेशातल्या बायकांना विचारा, तंबाखू खाता का, तर त्या रागावतील, आणि विचारा मिश्री लावता का, तर डबी काढतील. तंबाखू पुरुष खातात, पिचकाऱ्या मारतात. मिश्री दातांना लावायची असते. शाळेत तंबाखूविरोधी शपथ असायची तेव्हा जयश्री सगळ्यांच्या पुढे उभी राहून ती म्हणायची. गुटखा, मावा, विडी, सगळ्यांची नावं त्यात असायची. मिश्रीचं नसायचं, आणि आपण खोटं बोललो असं तिला एकदाही वाटलं नाही.

अलीकडे मात्र डाव्या बाजूला, खालच्या हिरडीपासून गालापर्यंत जीभ फिरवली की एक जागा खरखरीत लागायची. उन्हाळ्यापासून लागत होती. कधी शिकवता शिकवता जीभ आपोआप तिथे जायची. आरशात बघायला एक क्षणही पुरला असता, पण तिने अजून बघितलेलं नव्हतं. ज्या बाईचा सगळा जन्म "बघ, परत बघ" असं म्हणण्यात गेला, ती स्वतःच्या तोंडात डोकावायला घाबरत होती. भीती कशाची होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो धडा ती स्वतःच शिकवायची.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं, म्हणून जयश्रीने सूक्ष्मदर्शक घरी आणला. दुपारच्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर ठेवून ती भिंगं पुसत होती. पुष्पाबाई पापड उलटवत होत्या. त्या शेजारी येऊन बसल्या.

"काय दिसस वं त्यामा?"

जयश्रीने कांद्याचा पापुद्रा लावून दाखवला. पुष्पाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "कांदा तं रोज चिरस मी. मन्हं काहीतरी दखाड."

जयश्री हसली. दातकोरणी आणली, मिथिलीन ब्ल्यूची बाटली आणली, आणि सासूला चूळ भरायला लावली. "आई, इकडे उजेडाकडे तोंड करा. उघडा बरं."

इतकी वर्षं शेजारी बसून काढली, पण सासूच्या तोंडाच्या आत तिने कधी पाहिलं नव्हतं. खालच्या हिरडीपासून गालाच्या आत एक पांढरा पट्टा गेला होता, जाडसर, वरून चरे पडलेला. एका जागी त्यात लाल होतं. जयश्रीने कापसाचा बोळा घेऊन तो पट्टा पुसून पाहिला. पुसला जाईना.

"हे कधीपासून आहे?"

"घट्टा शे तो," पुष्पाबाई तोंड मिटून म्हणाल्या, आणि तळहात पुढे केला. लूमसाठी सुताची बॉबिनं भरून भरून बोटांच्या मुळाशी पडलेले जुने घट्टे अजून तिथे होते. "हातले पडस, तसा तोंडले पडना. मिसरी चोळी चोळी."

"दुखतं का?"

"नही. तिखट लागनं तं चुरचुरस."

जयश्रीने पट्ट्यावरून हलकेच खरवडलं आणि काचपट्टी तयार केली. शाळेत दरवर्षी ती मुलांच्या गालांच्या पेशी पाहायची, चपट्या, पसरट, मध्ये एक निळा ठिपका. या पट्टीवर बऱ्याच पेशी ठिपक्याशिवायच्या होत्या. नुसत्या निळसर चकत्या, एकमेकींवर पडलेल्या. केंद्रक नाही. तळहाताच्या कातडीवर वरचा थर असाच असतो, मेलेल्या कोरड्या पेशींचा, हे तिला माहीत होतं. म्हणजे सासू म्हणते ते एका अर्थी बरोबर होतं, तो घट्टाच होता. पण घट्टा हातावर पडावा. तोंडाच्या ओल्या, मऊ अस्तराने घट्टा धरायला नको. आणि त्या लाल जागेत खाली काय चाललंय, हे शाळेच्या यंत्रातून कळणार नव्हतं.

"सांग ना, काय शे?" पुष्पाबाई म्हणाल्या.

जयश्रीने त्यांना डोळा लावायला दिला आणि सावकाश सांगितलं. ही तुमची पेशी. हे तिच्या भोवतीचं पटल, आत काय जाईल आणि बाहेर काय येईल ते हे ठरवतं. गालाच्या अस्तरात खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि जुन्या गळून पडतात. हे आयुष्यभर चालू असतं. प्रत्येकीच्या आत केंद्रक असतं, ते सांगतं की आता वाढ, आता थांब.

"आनि तेनं आयकं नही तं?"

वर्गात हा प्रश्न आला असता तर बाईंनी फळा भरून उत्तर दिलं असतं. गच्चीवर मात्र ती काच पुसत राहिली. पुष्पाबाईंनी यंत्रावरून डोळा काढला आणि सुनेकडे पाहिलं.

"तुन्हं तोंड देखं का तू?"

"माझं ठीक आहे," जयश्री म्हणाली.

पुष्पाबाई पापड उलटवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायरीवर बसल्या होत्या, पण हात रिकामे. डबी त्यांनी सुनेपुढे ठेवली. "तू लाव. माले आते नको." जयश्री डबीकडे पाहत उभी राहिली. मग ती डबी घेऊन आत गेली, मोरीचं दार लावलं, आणि बोटावर मिश्री घेऊन हिरडीला चोळली. कालची काचपट्टी डोळ्यांपुढे होती, सगळं समजत होतं, आणि तरी तिने चोळली. चूळ भरताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नळ सोडून ती तशीच उभी राहिली. आरसा तिथेच होता. तिने वर पाहिलं नाही.

दवाखान्यात जायला पुष्पाबाई तयार होईनात. दुखत नाही तर दाखवायचं कशाला, आणि दाखवलं की डॉक्टर काहीतरी काढणारच, असं त्यांचं म्हणणं. योगराजने समजावलं, त्याच्यावर त्या चिडल्या. शेवटी जयश्रीने भाकरी थापता थापता सरळ सांगितलं, "आई, ते काय आहे मला माहीत नाही. चांगलं असेल, वाईट असेल. ज्यांना कळतं त्यांना दाखवू." सुनेला एखादी गोष्ट माहीत नाही, हे पुष्पाबाई या घरात पहिल्यांदाच ऐकत होत्या. सोमवारी सकाळी त्या ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभ्या राहिल्या.

दवाखान्याच्या दंत विभागाबाहेर बाकावर गर्दी होती. बहुतेक पुरुष, कोणाच्या तोंडावर रुमाल, कोणाला तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. जयश्रीला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती भिंतीवरचे नियम वाचत बसली. रिक्षात बसल्यापासून तिची जीभ डाव्या गालाला लागलेली होती. आपलंही दाखवावं, असं तिने वाटेत दोनदा ठरवलं होतं आणि दोनदा मोडलं होतं. इथे नाव पुकारतात, कोणी ओळखीचं निघालं तर, एखादा पालक भेटला तर. आधी आईंचं होऊ दे, मग बघू, असं ती स्वतःला सांगत होती. 'मग' म्हणजे कधी, हे तिने ठरवलं नव्हतं.

आत डॉक्टर तरुण मुलगी होती, गुजराती, बोलायला मऊ. पुष्पाबाईंना खुर्चीत मागे रेलवून तिने दिवा ओढला, आतून बाहेरून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं, गळ्याखाली चाचपलं.

"तंबाकू खाती हो, माँजी?"

"नई बेन. बस, मिसरी लगाती."

"मिसरी भी तंबाकू ही है, माँजी. भूनने से कुछ कम नहीं होता," डॉक्टर म्हणाली. तिने हे किती जणींना सांगितलं असेल कोण जाणे, आवाजात राग नव्हता. मग ती जयश्रीकडे वळली आणि सांगितलं, की पांढऱ्याचं एवढं नाही, पण मधल्या लाल जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. पेशी कशा आहेत ते त्यातून कळेल. वेळेवर आलात.

जयश्रीने मान डोलावली. 

डॉक्टरने हातमोजे बदलता बदलता सहज विचारलं, "घर में और कोई लगाता है मिसरी?"

 खुर्चीत आडव्या पडलेल्या पुष्पाबाई मान उचलून घाईघाईने म्हणाल्या, "नई बेन, कोई नई. हमारी बहू मास्टरनी है. वो तो हात भी नई लगाती."

स्वतःच्या तोंडात काय निघेल याचा काही पत्ता नव्हता. दिव्याखाली त्या म्हातारीचे डोळे पाणावले होते. आणि तिला काळजी पडली होती ती सुनेच्या अब्रूची.  इतकी वर्षं जी गोष्ट आपण लपवतोय असं जयश्रीला वाटत होतं, ती लपवण्याचं ओझं दुसरंच कोणी वाहत होतं.

"लगाती हूँ," जयश्री म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मैं भी लगाती हूँ, डॉक्टर. आज सुबह भी लगाई. यहाँ, बाईं तरफ, कुछ है. मैंने देखा नहीं है."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. पुष्पाबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. खाली उतरल्या. पदराच्या टोकाने त्यांनी खुर्चीची पाठ पुसली, बसायची जागा पुसली, आणि सुनेच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली.

"बठ, माय," त्या म्हणाल्या.